दोनदा मोजलेली झोप

शाहीनआपासमोर ‘कधीकधी’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती नेमका हाच शब्द घेऊन. आमची कंपनी पुण्याची, लहानशी. निरनिराळ्या यंत्रांच्या पोटात बसणारे छोटे संगणक, म्हणजे बोर्ड, आणि त्यांच्यावर चालणारं सॉफ्टवेअर बनवणारी. मी तपासणीच्या कामाला होते. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायची मुभा मिळाली, ती पुढं कुणी काढून घेतली नाही, म्हणून मी सासरी बाळापूरला येऊन राहिले. तिथं आल्यावर कळलं, की ज्या शाहीन मॅडमचा मेल आला की आमची सगळी टीम आधी पाणी पिऊन मग तो उघडायची, त्या मॅडम माझ्यापासून स्कूटीवर जाता येईल इतक्या जवळ, डोंगरकडा नावाच्या गावात, भावाच्या केळीच्या गोदामावरच्या खोलीत बसून काम करतात.

जिना चढून गेले तर दार उघडंच होतं. खोलीत एक लोखंडी पलंग. त्यावर गादीच्या जागी झाकणं काढलेले जुने संगणक, बोर्ड आणि वायरींचा गुंता. खुर्चीवर मांडी घालून बसलेली चाळिशीची बाई, ओढणी कमरेला खोचलेली, मांडीवर फुटाण्यांची वाटी.

“मॅडम, त्या नव्या बोर्डावर टायमर कधीकधी उशिरा वाजतो,” मी म्हणाले.

“कधीकधी म्हंजे कधी?”

“नेमकं सांगता येत नाही. मधूनच.”

“मग मी काय दुरुस्त करू? मधूनच?” तिनं वाटी माझ्यापुढं केली. “पहिले दाखव. दाखवता आलं तर ती चूक हाय. न्हाई आलं तर नुसती गोष्ट हाय.”

मी त्याच खोलीत जमिनीवर बसून दाखवायच्या मागं लागले. टायमर वेळेवर वाजत राहिला. कंटाळून मी बोर्डाला चालवायला दिलेली कामं बंद केली आणि नुसती बघत बसले, तेव्हा तो उशिरा वाजला. बोर्डाला काहीच काम नसलं की तो डुलकी घ्यायचा आणि त्या डुलकीत टायमर चुकायचा. मी आजवर त्याला कामाला लावूनच तपासत आले होते, म्हणून चूक सापडत नव्हती. मी हे सांगितल्यावर तिनं शाबासकी वगैरे दिली नाही. खुर्ची सरकवून म्हणाली, “आता बोल. आणि मॅडम नको म्हनू. इथं मला समदे आपा म्हनतात.”

तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवस मी तिच्याकडे जाऊन काम करू लागले.

तिचं काम काय, ते सांगायला हवं. संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी जो प्रोग्राम जागा होतो आणि शेवटपर्यंत सगळ्यांना सांभाळतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीच्या प्रोग्रामना वेळ हवी असली तर तीही त्यालाच विचारावी लागते. आमच्या बोर्डांवरचा कर्नेल एका कंपनीचा नाही. जगभरातले लोक मिळून तो लिहितात, कुणी पगारावर, कुणी हौसेनं. त्याच्या एकेका भागावर एकेकाची राखण असते. त्या माणसाला मेंटेनर म्हणतात, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय तिथली एक ओळही बदलत नाही. आपा वेळेच्या भागात काम करायची. मला आधी वाटायचं, वेळ मोजण्यात काय एवढं आहे. पण संगणकाच्या आत एकच घड्याळ नसतं. एक भिंतीवरच्यासारखं असतं, त्याचे काटे पुढं-मागं करता येतात. एक नुसतं मोजत जातं, त्याला कुणालाच मागं घेता येत नाही. एक बारक्या सेलवर चालतं आणि सगळं बंद असलं तरी चालू राहतं. ही सगळी एकमेकांशी जुळवून ठेवावी लागतात. वेळ चुकली असं कुणी म्हटलं की आपा आधी विचारायची, “कोणतं घड्याळ?” तिला उत्तर नाही मिळालं तर ती पुढं बोलतच नसे.

कोड वाचताना ती मोठ्यानं वाचायची, आणि तेही घरच्या दखनी उर्दूत, शेजारच्या आळीतल्या भांडणाची हकीकत सांगावी तसं. “ये उसके घर कू गया. उसने बोली, बैठ, मैं आती. ये बैठाच नहीं, निकल गया. अब उसने आको किसकू ढूंढना?” असं म्हणत ती थांबली, की समजायचं, काहीतरी सापडलं. मेल मात्र इंग्रजीत लिहायची, आणि लिहून झाला की त्यातून विशेषणं वेचून काढायची. मी एकदा तिच्या सांगण्यावरून मसुदा लिहिला आणि त्यात ‘गंभीर चूक’ असं लिहिलं. तिनं ‘गंभीर’ खोडलं.

“गंभीर हाय ना पण,” मी म्हणाले.

“हाय तर त्याला दिसंल. आपन काहून सांगायचं?”

गावात तिच्या कामाबद्दल अशी समजूत होती, की ती मोबाईलचा टाईम बराबर करते. त्यामुळं लोक तिच्याकडे घड्याळं घेऊन यायचे. सेल संपलेला असला तर ती बदलून द्यायची. एकदा शाळेचे हेडमास्तर भिंतीवरचं मोठं घड्याळ पिशवीत घालून आले. तिनं ते उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि परत मिटून त्यांच्या हातात दिलं. “सर, हे मला येत न्हाई. नांदेडला द्या.” हेडमास्तर गेल्यावर म्हणाली, “काय सुंदर बनवलंय बाई. उगा बिघडवलं असतं मी.”

आणि ही बाई स्वतः कुठंही वेळेवर पोचत नसे. तिच्या चुलतभावाच्या मुलाच्या अकीक्याला, म्हणजे बारशासारख्या जेवणाला, मी बाळापूरहून जाऊन जेवून, पान खाऊन निघाले, तेव्हा ती घरातून चालत येत होती. दोन घरं ओलांडून. भांडी घासायला घेतली होती. तिनं तिथंच ओट्यावर बसून उरलेली बिर्याणी खाल्ली. तिला त्याचं काही वाटलं नाही, आणि इतरांनी वाटून घेणं केव्हाच सोडलं होतं.

दादाराव खिल्लारेचं प्रकरण झालं ते मी तिच्याकडे जायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

गोदामाच्या मागं तिचा भाऊ सलीमभाई यानं केळी पिकवायचे चेंबर बांधले होते. बंद, थंड खोल्या. आत कच्च्या केळीचे कॅरेट रचायचे, गॅस सोडायचा, ठरलेले तास दार बंद ठेवायचं, आणि मग पंखे लावून गॅस बाहेर काढायचा. हे सगळं भिंतीवरची एक पेटी सांभाळायची. पेटी कुठल्यातरी दुकानदाराकडून घेतलेली, पण तिच्या आतला बोर्ड आमच्या कंपनीचा होता. लाईट गेली की पेटी सेल वाचवायला झोपी जायची आणि लाईट आली की उठून, आपण किती वेळ झोपलो ते मिळवून, पुढचं काम सुरू करायची. लाईट नसली तरी गॅस खोलीतच असतो आणि केळी पिकतच असतात, म्हणून झोपेचा वेळही धरावा लागतो.

दादाराव हे चेंबर राखायचा. उंच, मोठ्या आवाजाचा, भांडखोर माणूस. एकदा लग्नाला जायचं म्हणून कुणाला न सांगता चेंबरला कुलूप लावून निघून गेला होता, तेव्हापासून सलीमभाईच्या मनातून उतरला होता. त्या उन्हाळ्यात दोन चेंबरमधला माल बिघडला. केळी अर्धी पिवळी, अर्धी हिरवी, कापल्यावर आत दगडासारखी. गॅस पुरेसा वेळ मिळाला नाही, हे कुणीही सांगितलं असतं. पण पेटी सांगत होती, पूर्ण वेळ दिला. मग एकच अर्थ निघत होता. मध्येच कुणीतरी दार उघडलं.

“म्या दार उघडलं न्हाई,” दादाराव म्हणाला. गोदामाच्या दारात उभा राहून, सगळ्या हमालांसमोर, तो हे म्हणत राहिला. सलीमभाईनं त्याला काढून टाकलं. एवढ्यावर भागलं असतं, पण सकाळी केळीच्या गाड्या भरतात तिथं सगळे व्यापारी जमतात, आणि तिथं सलीमभाईनं ही गोष्ट सांगितली. त्यानंतर डोंगरकड्यात दादारावला कुणी चेंबरच्या जवळपास उभं करेना.

आपानं हे सगळं वरून ऐकलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, “उघडलं आसंल त्यानं. काय सांगावं.” आणि कामाला लागली.

दादारावची बायको मंगल चार-आठ दिवसांनी जिना चढून वर आली. मी तिथं होते. तिनं चप्पल बाहेर काढली, बसायला सांगितलं तरी बसली नाही.

“आपा, मी तुमच्या भावाचं काही बोलाया आले न्हाई,” ती म्हणाली. “आमचं मानूस तोंडाचं वाईट हाय, मला ठाव हाय. एकच इचारते. तुमी मशीनीतल्या बाई. मशीन खोटं बोलती का न्हाई, येवढं सांगा.”

मी आपाकडे बघितलं. सहज नाही म्हणता आलं असतं. आपानं हातातला फुटाणा परत वाटीत टाकला.

“सांगता येत न्हाई, मंगलबाई,” ती म्हणाली. “बघावं लागंल.”

“मग बघा ना,” मंगल म्हणाली, आणि निघून गेली.

आपानं खाली जाऊन चेंबरची जादा पेटी भावाकडून मागून आणली. तो म्हणाला, “आपा, तुम इसमें नक्को पडो. मेरा धंदा है.” ती म्हणाली, “धंदा तेरा है. बोर्ड मेरा है.” पेटी पलंगावर आली, तिच्या शेजारी वेळ बघायला दुसरा एक, बॅटरीवर चालणारा संगणक ठेवला, आणि मग आम्ही पेटीला झोपवायचं आणि उठवायचं सुरू केलं. वायर काढली, पेटी झोपली. वायर लावली, पेटी उठली. वेळ बरोबर. परत. बरोबर. कंपनीतही हे असंच तपासलं होतं, ते तपासणाऱ्यांत मी होते, आणि तिथंही ते बरोबरच आलं होतं.

दोन दिवस असे गेल्यावर आपा उठून जिन्यातल्या मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, “आपन काय करून राहिलो माहिती हाय का? लाईट पुन्यासारखी घालवून राहिलो. इथली लाईट आशी जाते का?”

इथली लाईट एकदा जाऊन एकदा येत नाही. येते, दिवा पेटतो ना पेटतो तोच जाते, पुन्हा येते, पंखा फिरायला लागतो, पुन्हा जाते. मग कधीतरी टिकते. आपानं मेन स्विच हातानं तसाच खाली-वर करायला सुरुवात केली. खालच्या घरात फ्रीज, पंखे, टीव्ही सगळं तिच्या हातावर नाचायला लागलं. सलीमभाईची बायको, भाभी, खालून ओरडली, “आपा, मेरा मिक्सर चालू है, मसाला उडरा.”

“दस मिनट,” आपानं सांगितलं, आणि ती दहा मिनिटं दुपार संपेपर्यंत चालली. भाभीनं शेवटी पाटा काढला. मी पेटीसमोर बसून नुसती वेळ मोठ्यानं वाचत होते. बरोबर, बरोबर, बरोबर. आणि मग एकदा पेटीची वेळ दुसऱ्या संगणकाच्या पुढं होती. पेटी जेवढी झोपली होती बरोबर तेवढीच पुढं.

मी म्हणाले, “आपा, झालं.”

ती धावत आली नाही. स्विचपासूनच म्हणाली, “परत कर.” पुन्हा जमायला वेळ लागला, पण जमलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा ती येऊन बघून गेली.

पुढचे काही दिवस ती कर्नेलचा तो भाग वाचत बसली, तेच दखनी भांडण. सापडलं ते असं होतं. संगणक झोपेतून उठताना झोपेचा वेळ मिळवायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. पहिल्यानं मिळवला, की तो एक खूण करून ठेवतो, की झालं आहे, तू मिळवू नको. दुसरा खूण बघतो आणि गप्प बसतो. पण उठता उठताच लाईट परत गेली तर उठणं अर्ध्यावर राहायचं आणि ती खूण पुसली जायची. पुढच्या खेपेला दोघंही वेळ मिळवायचे. दोन तासांची झोप चार तासांची व्हायची. पेटीला वाटायचं, गॅसचे तास पुरे झाले, आणि ती इमानदारीत पंखे लावून गॅस बाहेर सोडून द्यायची. सकाळी सलीमभाईनं आपला मोबाईल पेटीला जोडला, की ती मोबाईलची वेळ उचलायची आणि पुन्हा शहाणी व्हायची. म्हणून कुणी कधीही बघितलं तरी घड्याळ बरोबरच दिसायचं.

दार कुणी उघडलं नव्हतं.

 त्या दिवशी फुटाण्यांची वाटी तशीच राहिली. संध्याकाळी मी निघताना म्हणाली, “मी म्हनलं होतं ना तुला, उघडलं आसंल म्हनून. बघितल्याबगर म्हनलं.”

सलीमभाईला तिनं दुसऱ्या दिवशी वर बोलावलं आणि स्विच खाली-वर करून दाखवलं. त्यानं शांतपणे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “ठीक है. बुला लेता उसकू कामपे.”

“और गाड़ियों पे बोला सो?”

“उसका क्या? मशीन की गलती, मेरी थोडी है. अब मैं चार लोगों में जाके क्या बोलू, मेरी मशीन पागल है?”

“हां. वोच बोल.”

तो खाली गेला.

मग ती स्वतः गेली. सकाळी गाड्या भरतात त्या ठिकाणी बायका जातात त्या केळीच्या फण्या धुवायला आणि कॅरेट भरायला. मालकाच्या घरची बाई तिथं कधी दिसत नाही. मला तिनं बरोबर घेतलं होतं, का ते सांगितलं नाही. व्यापारी चहा पीत उभे होते, सलीमभाईही होता. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि सांगायला लागली. दादारावनं दार उघडलं नव्हतं, पेटीतल्या कर्नेलमध्ये चूक आहे, लाईट अशी अशी गेली की झोपेचा वेळ दोनदा धरला जातो. ज्यांच्याकडे ही पेटी आहे त्यांच्याकडेही हे होणार. मेलमध्ये एक शब्द जास्त न वापरणारी आपा तिथं तेच तेच तीन वेळा सांगत होती, आणि समोरचे लोक तिच्या भावाकडे बघत होते.

एक म्हातारा व्यापारी म्हणाला, “म्हंजे मशीनला दोनदा मोजायची सवय लागली म्हना.”

“सवय न्हाई, चाचा. चूक. मानसाची चूक. लिहिनाऱ्याची.”

“म्हंजे दादारावची न्हाई.”

“न्हाई.”

“मग येवढंच सांगायचं ना, बाई,” म्हातारा म्हणाला आणि कप ठेवून गाडीकडे वळला.  सलीमभाई त्यानंतर दोन-तीन महिने तिच्याशी बोलला नाही. चहा खालून भाभी पाठवायची.

दादारावकडे आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, तो खूश होईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंगल दारात उभी होती.

“आपा,” तो म्हणाला, “तवा तुमी वर बसल्या व्हत्या. मी खाली वरडत व्हतो. तुमी काय बोल्ल्या न्हाई.”

“व्हय. मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं तर तसं सांगाया येत व्हतं. माहीत न्हाई म्हनून. येवढं बी कुनी म्हनलं न्हाई.”

 मंगलनं चहा आणला. सलीमभाईकडे परत यायला दादारावनं नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या चेंबरवर तो लागला.

कर्नेलमधली चूक दुरुस्त करणं हे त्या मानानं लहान काम होतं, जेमतेम काही ओळींचं. पण ते मेंटेनरला पटवायला पावसाळा गेला. तो कुठल्यातरी थंड देशातला सज्जन माणूस होता. त्यानं लिहिलं, की तुमचं म्हणणं कागदावर बरोबर दिसतं, पण यंत्र पूर्ण जागं व्हायच्या आत वीज पुन्हा जाणं, आणि तेही ओळीनं, हे प्रत्यक्षात कुठं घडतं का? कंपनीतले साहेब म्हणाले, सोडून द्या, आपल्यापुरती दुरुस्ती करू. मी रागानं उत्तराचा मसुदा लिहिला, लांबलचक. आपानं तो वाचला आणि सगळा पुसला. त्याऐवजी तिनं आमच्या लाईटच्या जाण्यायेण्याची आठवडाभराची नोंद एका बोर्डाकडून करून घेतली, ती जोडली, आणि वर एक वाक्य लिहिलं. मी राहते तिथं घडतं.

त्यावर मेंटेनरचं उत्तर दोन दिवसांनी आलं. दुरुस्ती घेतली होती, आभार मानले होते. कोडमध्ये तिनं त्या खुणेला दिलेलं नाव मात्र त्यानं स्वतःच बदललं होतं. आपा त्या नावावरून जेवताना चिडलेली होती. “माझं नाव काय वाईट होतं? सरळ कळत होतं वाचनाऱ्याला.”

अशा दुरुस्तीच्या खाली, ती कुणी लिहिली, कुणी तपासली, चूक कुणी कळवली, त्यांची नावं घालायची पद्धत आहे. तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. कळवणाऱ्याच्या जागी तिनं दादाराव खिल्लारे असं घातलं होतं. नावापुढं मेलचा पत्ता लागतो, म्हणून त्याच्या मुलीकडून पत्ता उघडून घेतला होता. हे सांगायला ती पुन्हा त्याच्याकडे गेली.

“त्यानं काय व्हतं?” दादारावनं विचारलं.

“काही व्हत न्हाई. कर्नेल चालतो तिथं तिथं हे नाव जातं. कुनी काढत न्हाई.”

“पन म्या कुठं काय कळवलं? म्या दार उघडलं न्हाई, येवढंच म्हनत व्हतो.”

“तेच कळवलं होतं,” आपा म्हणाली. “आमाला उशिरा ऐकू आलं.”

दादाराव हसला नाही, पण त्यानं मुलीला हाक मारून मोबाईल आणायला सांगितला, आणि ते नाव कुठं आहे ते दाखवायला लावलं. इंग्रजीतलं होतं. मुलीनं बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि त्यानं तिला पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

त्यानंतर आपा डोंगरकड्यात जेमतेम वर्षभर राहिली. सलीमभाईचा अबोला पावसाळ्यातच एका साध्या दुपारी संपला होता. तो वर आला आणि मोबाईल पुढं करून म्हणाला, “आपा, ये चार्ज नहीं होरा, देखो जरा.” तिनं बघितलं, वायर बदलली. त्याबद्दल दोघांनी पुढं कधी काही काढलं नाही. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला कर्नेलच्याच कामाला बोलावलं, तेव्हा बाळापूर-डोंगरकड्याच्या रस्त्यावर माझी स्कूटी फिरायची थांबली. आता आमचं बोलणं मेलवर होतं, आणि त्या मेलमध्ये अजून विशेषणं नसतात.

ती निघाली त्या दिवशी नांदेडला तिला पोचवायला मी आणि भाभी गेलो होतो. बसस्टँडवर गर्दी होती. भाभीनं डबा दिला, डोळे पुसले, दुवा दिली. मला आपा म्हणाली, “सुजाता, त्या मोठ्या बोर्डाचं तपासायचं राहिलंय, लक्षात ठेव.” मी हो म्हटलं. ती चढली.

तिला खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर पेरूची टोपली. बस सुटायला अवकाश होता, म्हणून आपानं लॅपटॉप उघडला. म्हातारीनं थोडा वेळ पडद्याकडे बघितलं, मग आपाच्या दंडाला हात लावून काहीतरी विचारलं. काच बंद होती, ऐकू येत नव्हतं. आपानं लॅपटॉप अर्धा मिटला आणि तिच्याकडे वळून बसली. सांगायला लागली, बहुतेक तीच झोपेची आणि खुणेची गोष्ट. एका हाताची मूठ केली, दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. म्हातारी मान हलवत होती, मध्येच काही विचारत होती, आणि आपा थांबून, नीट ऐकून घेऊन, पुन्हा मूठ करत होती.

बस सुटली. भाभीनं हात हलवला, मीही हलवला. खिडकी आमच्या अगदी समोरून गेली. आपानं आमच्याकडे बघितलं नाही. तिचे दोन्ही हात म्हातारीच्या पुढं होते आणि म्हातारीनं टोपलीतला एक पेरू घेऊन, ‘हे असंच ना?’ म्हणून तिच्या मुठीवर ठेवून बघितला होता.